लधाची खबर

आमचे हे गलबतावर आचारी. नाव मी घेणार नाही, तेवढी रीत अजून पाळते. गल्लीत बाकी सगळे घेतात, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या तोंडून तुमच्याही कानावर येईलच. भात बरा करतात, मासळीची आमटी त्याहून बरी. पण खरा हात बसलाय तो बातम्यांवर. मस्कत असो, बरबरा असो, गलबत धक्क्याला लागलं की नाखवा दलाल शोधतो, खलाशी गोडं पाणी शोधतात आणि आमचे हे चहाचं दुकान शोधतात. तिथं जे काही कानावर पडेल ते जेठ महिन्यात कच्छातल्या आमच्या मांडवीला घेऊन यायचे. वाटेत समुद्र मोठा, हाताशी वेळ भरपूर. तेवढ्यात त्यात काय काय पडायचं ते दर्यालाल देवालाच ठाऊक.

पण ही गोष्ट त्यांची नव्हे. ही वेलभाभीची.

तिचं दार आमच्या दारासमोर. अंगानं उंच, काटकुळी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि हाताला कायम तेलाचा वास. गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला कापसाच्या लांब वाती लागतात, त्या वळून तेलात भिजवून द्यायचं काम ती करायची. नदीकाठी नवं गलबत उभं राहायला लागलं की सुतार आधी वेलभाभीकडं निरोप धाडत. तिची वात फळीत ठोकली की पाण्याची काय बिशाद.

तिचा नवरा लधा. तिच्या लग्नाचा संसार एकाच चौमाशाचा. आमच्यातले पुरुष पावसात घरी आणि बाकी वर्षभर पाण्यावर, हे काही नवं नाही. पण लधा पहिल्या पावसाळ्यानंतर गेला तो गेलाच. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ त्याचं गलबत फुटलं. माणसं सगळी वाचली, जेठात परतही आली. लधा तेवढा लामू बंदरात तापानं पडून राहिला. "ताप उतरला की येईल मागच्या गलबतानं," असं नाखवा सांगून गेला. त्याच चौमाशात मी लग्न होऊन या गल्लीत आले. म्हणून सांगते, लधाला मी डोळ्यानं पाहिलेला नाही.

तो आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तिनं दोनदा पत्रं लिहवून घेतली, लामूतल्या एका व्यापाऱ्याच्या पत्त्यावर धाडली. उत्तर नाही. मग खबर आली, आणि आणली कुणी? आमच्या ह्यांनीच.

त्या दिवशी ती संध्याकाळची आमच्या ओट्यावर आली. हातात गूळपापडीची थाळी. गलबतं परत आली की ती थाळी घेऊन यायची आणि ह्यांच्यासमोर ठेवायची.

"दामजीभाई, चहा कुठं कुठं झाला?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याची चौकशी उघड करायची नाही, मग विचारायचं कसं? तर असं. चहा कुठं कुठं झाला. ह्यांनाही कळायचं.

"सलालाला झाला, भाभी. तिथं लामूकडचा एक खलाशी भेटला. तो म्हणत होता..." हे थांबले. थांबायची ह्यांची एक पद्धत आहे, समोरच्याचा जीव टांगणीला लागेपर्यंत थांबतात. "लधानं तिकडं घर केलं म्हणतात. कुणी बाई आहे, मासळी तळून विकते. तिच्याकडंच असतो."

मी मागून ह्यांच्या पाठीला चिमटा काढला. नवी होते, तरी काढला. वेलभाभी थाळीकडं बघत बसली. मग म्हणाली, "मासळी कसल्या तेलात तळते?"

"खोबरेलात. तिकडं सगळं खोबरेलातच."

"त्यांना खोबरेलाचा वास चालत नाही. मळमळतं." थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटली, "आता सवय झाली असेल."

आणि उठून गेली. माझ्या सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "दगड आहे गं बाई, दगड! सवतीची बातमी ऐकते आणि वर गूळपापडी वाटते."

तेव्हापासून दर जेठात तेच. थाळी, ओटा, चहा कुठं कुठं झाला. कुठल्याशा दुकानात कुणीतरी कुणाकडून ऐकलेलं हे घेऊन यायचे. एका वर्षी लधा जाडा झाला. लोक म्हणाले, दुसऱ्याच्या जिवावर बसून खातोय मेला. वेलभाभी म्हणाली, "म्हणजे जेवणाची आबाळ नाही." एका वर्षी त्याला दोन पोरं झाली. एका वर्षी पुढचा दात पडला. एका वर्षी तो लंगडायला लागला, आणि त्यावर ह्यांनी सांगितलं की त्या बाईच्या भावानंच मारलं. तो भाऊ ह्यांना कुठून मिळाला, विचारू नका. वेलभाभीनं भाऊ, मारामारी सगळं बाजूला सारलं आणि एवढंच विचारलं, "कुठला पाय?" ह्यांना सांगता येईना. तिला वाईट वाटलं ते त्याचं. कुठला पाय ते कळलं नाही म्हणून महिनाभर तिला चैन नव्हतं.

असा तिचा नवरा आमच्या ओट्यावर दरसाल थोडा थोडा म्हातारा होत गेला.

आणि गल्लीत? गल्लीत लधा राक्षस झाला. घरी पैसे न धाडणाऱ्या पोराला आया म्हणायच्या, "लधाच्या वळणावर जाशील!" ज्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, ज्यांचा जन्मही नव्हता झाला, त्यांना त्याचं पोट, त्याचा दात, त्याची ती बाई, सगळं पाठ. मी तरी काय वेगळी? रस्त्यात दिसला असता तर ओळखून चार शिव्या हासडल्या असत्या. माझ्या मनातल्या लधाचे डोळे बारीक होते, मिशी तेल लावलेली होती. कुणी सांगितलं मला? कुणी नाही. माझी मीच लावली त्याला मिशी.

एकदाच, श्रावणात धो धो पाऊस होता, वाती वळता वळता वेलभाभी मला म्हणाली, "मोंघी, त्यांना जमिनीवर झोप यायची नाही गं. खाटही नको. हलत नाही ना! मग झोपाळ्यावर झोपायचे, आणि मी खाली बसून पायानं झोका द्यायची. माझा पाय थांबला की जागे व्हायचे. म्हणायचे, वारा पडला का गं?" आणि हसली. एवढं लहान पोरीसारखं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

"आणि मिशी?" मी विचारलं.

"मिशी कुठली? फुटलीच नव्हती नीट."

तो झोपाळा अजून तिच्या ओसरीत आहे. त्यावर ती कुणाला बसू देत नाही, पण कड्यांना तेल घालते.

वय होतं तेव्हा बायकांनी तिला नातरं कर म्हणून किती सांगितलं. आमच्यात दुसऱ्यांदा घर करायला बंदी नाही. ढोल नाही, मांडव नाही. तिन्हीसांजेला बाई नवं लुगडं नेसून डोक्यावर भरला हंडा घेते आणि त्या पुरुषाचा उंबरा ओलांडते. झालं नातरं. सकाळी गल्ली उठते तेव्हा ती त्या घरची. वेलभाभी म्हणायची, "माझं माणूस जिवंत आहे, जेवतंय, जाडं झालंय. मी कशाला हंडा उचलू?"

असे केस पांढरे झाले तिचे. माझे अर्धे झाले. शिडं गेली, गलबतांना इंजिनं आली.

मग एका जेठात रणमल नाखवा आला. म्हातारा, जन्म सगळा आफ्रिकेच्या बाजूला काढलेला, आता हाडं घेऊन घरी परतलेला. ह्यांनी त्याला जेवायला बोलावलं. जेवण झालं, ओट्यावर चहा आला, आणि समोरून वेलभाभी थाळी घेऊन आली. रणमलनं तिला पाहिलं आणि हातातली बशी खाली ठेवली.

"तू लधाची वेल ना? तू इथं कशी?"

"मग कुठं असणार, अदा?" थोरल्या माणसाला आमच्यात अदा म्हणतात.

"खिमजीच्या घरी. तू खिमजीच्या घरी नातरं केलंस ना?"

मला आधी हसूच आलं. खिमजी म्हणजे कोपऱ्यावरचा शीड शिवणारा. रंडवा होता, बायको लवकर गेलेली. आई मेल्यावर पोरबंदरला बहिणीकडं गेला, त्यालाही जमाना झाला. वेलभाभी मात्र हसली नाही. थाळी तशीच हातात धरून उभी होती.

"कोण म्हणालं?"

"लधाच म्हणाला. लामूला माझ्या शेजारी राहतो तो. तापातून उठला, मांडवीच्या गलबताची वाट बघत बसला होता. गलबत आलं, आणि खबर आली की तू हंडा उचललास. मी म्हटलं त्याला, जा तरी, बघून तरी ये. म्हणाला, अदा, तिचं वय काय, ती का बसून राहील माझ्यासाठी? गेली तर बरं झालं. आता मी दारात जाऊन उभा राहिलो तर लोक तिला जगू देतील का?"

"आणि ती मासळीवाली?" हे मीच विचारलं. मला राहवेना.

"कोण, ती म्हातारी? अगं, आता असती तर नव्वदीची असती. तिनं त्याला तापात चमच्यानं पेज पाजून जगवला. आई म्हणायचा तिला. घरातली ती दोन पोरं तिच्या लेकीची. त्यानंच वाढवली. बायको कसली? त्याला कितीजणांनी सांगितलं घर कर म्हणून. ऐकेल तर शपथ."

वेलभाभी हळूच ओट्याच्या कडेला बसली. "माझं त्यांना कुणी सांगितलं, अदा?"

"चहाच्या दुकानात आलं. मांडवीच्याच गलबतावरच्या कुठल्याशा आचाऱ्यानं..."

आणि रणमल थांबला. त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. मी पाहिलं. ह्यांनी तोंडाशी नेलेली बशी तशीच परत खाली घेतली.

"मी पाहिलं होतं," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं गलबत सुटणार होतं. तिन्हीसांजेला मी धक्क्यावरून येत होतो. भाभी नवं लुगडं नेसून, भरला हंडा घेऊन खिमजीच्या घरात शिरल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"खिमजीची आई अंथरुणाला खिळली होती," वेलभाभी म्हणाली. "त्यांची विहीर खारी झालेली. तिला गोडं पाणी मीच नेऊन द्यायची, मरेपर्यंत दिलं. त्या दिवशी लग्नाहून आले होते, म्हणून नवं लुगडं." तिनं कुणाला दोष दिला नाही. फक्त जे झालं ते सांगितलं, आणि तेच मला सहन होईना.

"आणि परत आलात तेव्हा?" मी ह्यांच्या अंगावर धावून गेले. "तेव्हा ही इथंच बसली होती ना तुमच्यासमोर? गूळपापडी खाल्लीत ना हिच्या हातची? तेव्हा नाही वाटलं, आपण तिकडं काय बरळून आलो?"

"वाटलं गं. वाटलं, अरे, म्हणजे तसं नव्हतं तर. मग... मग राहून गेलं. पुढं आमचं गलबत लामूला गेलंच नाही कधी."

"राहून गेलं! एका बाईचा जन्म गेला आणि ह्यांचं राहून गेलं!"

मी ह्यांच्या हातातून कपबशी हिसकावून घेतली. रणमल उठून गेला. वेलभाभी कधी गेली कळलंही नाही, थाळी ओट्यावरच होती. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही. आचाऱ्याच्या घरी! पेटवावी कुणी? मी पेटवणार नव्हते आणि ह्यांची हिंमत नव्हती.

बरेच दिवस समोरचं दार लोटलेलं होतं. मी दोनदा जाऊन हाक मारली. आतून वाती वळायचा आवाज तेवढा यायचा. मग श्रावण लागल्यावर एका सकाळी ती आपणहून आली. डोळे सुजलेले, पण कुंकू ताजं.

"दामजीभाई, एक काम आहे."

"जीव मागा, भाभी."

"जीव नको. तोंड पाहिजे."

हे मान खाली घालून बसले. "मी जिथं जाईन तिथं सांगेन. भाभी कुठं गेल्या नाहीत, आहेत तिथंच आहेत."

"पत्रं पोचत नाहीत, पाहिलं मी. तुमचं गलबत लामूला जातं का?"

"आता मांडवीचं एकही जात नाही. सलाला, फार तर बरबरा. तिथून दुसऱ्या कुणाच्या तोंडून पुढं."

"मग 'वेलबाई आहे तिथंच आहे' ही बातमी पुढं कोण नेईल?"

ह्यांनी विचार केला. जन्मभराचा अनुभव आहे, खोटं कसं बोलणार? "कुणी नाही नेणार," हे म्हणाले. "त्यात काही नाहीच, भाभी. दुकानात एकजण हूं म्हणेल आणि दुसरा मासळीचा भाव विचारेल."

"थोडं काही घाला ना मग त्यात," मी म्हटलं. रागावलेलीच होते, पण म्हटलं.

"खोटं काही घालायचं नाही," वेलभाभी म्हणाली. "एकदा खोटं गेलं तेवढं पुरे झालं."

"मग खरंच असं काहीतरी पाहिजे," हे म्हणाले, "जे माणसाला पोटात ठेवता येणार नाही."

तिनं बोटांना लागलेलं तेल पदराला पुसलं. मग 'बरं' म्हणून उठली.

नारळी पुनवेला सगळी मांडवी धक्क्यावर असते. गलबतं रंगवलेली, निशाणं लावलेली, खलाशी डेकवर, बायका पायऱ्यांवर. प्रत्येकीच्या हातात नारळ. ज्याच्या त्याच्या माणसासाठी मनातल्या मनात बोलायचं आणि नारळ पाण्यात सोडायचा. मी सासूबाईंचा हात धरून उभी होते. तेवढ्यात मागं कुजबुज सुरू झाली, माणसं बाजूला होऊ लागली.

वेलभाभी येत होती. लग्नातली लाल बांधणी नेसून. केस सगळे पांढरे, हातात नवरीसारख्या कोपरापर्यंत बांगड्या. त्या बांगड्या म्हातारपणानं बारीक झालेल्या हातावर वरखाली होत होत्या. पोरी फिदीफिदी हसल्या. ती सरळ शेवटच्या पायरीवर गेली, पाण्याला पाय लागले तिथं थांबली, आणि दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर धरून ओरडली,

"लधा! अरे ए लधा!"

सासूबाईंनी कानावर हात ठेवले. बाईनं, आमच्या खारवा जातीतल्या बाईनं, भर धक्क्यावर, नवऱ्याचं नाव! आणि तेही अरेतुरे!

"लधा करमशी! ऐकतोयस का? मी वेल! मी कुठं गेले नाही रे! तुझ्याच उंबऱ्यात म्हातारी झाले! तुझा झोपाळा रिकामा आहे, लधा! ये की रे!"

मग नारळ फेकला. एवढ्या गर्दीत त्याचा पाण्यावर पडलेला आवाज ऐकू आला. ती वळली आणि खाली मान घालून, ज्या वाटेनं आली त्या वाटेनं निघून गेली. मी धावत जाऊन तिला धरलं.

मागं जे उसळलं ते काय सांगू! एकेका गलबतावर दुसरा विषय नाही. वेड लागलं म्हणाले, अंगात आलं म्हणाले, म्हातारचळ म्हणाले. आमचे हे डेकवरून माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. नंतर मला म्हणाले, "ही जाईल गं. ही लामूपर्यंत जाईल. मी तोंड मिटून बसलो तरी जाईल."

तो हिवाळा वेलभाभीनं कसा काढला! ओसरी सारवली, झोपाळ्याला नवी दोरी घातली. खोबरेल आणून ठेवलं, आता लागत असेल म्हणून. मला विचारायची, "मोंघी, मी फार थकलेली दिसते का गं?" मी म्हणायची, "तोही काय कोवळा राहिलाय?" मग तिला बरं वाटायचं.

जेठ आला. ती थाळी घेऊन आली. हे तिच्याकडं बघेनात.

"चहा कुठं कुठं झाला, दामजीभाई?"

"सलालाला झाला. तिथं म्हणतात, मांडवीची एक बाई नवरीच्या वेशात धक्क्यावर आली, नवऱ्याला नावानं हाका मारल्या."

"बरोबर आहे. पुढं?"

"बरबऱ्याला म्हणतात, हाका मारल्या आणि पाण्यात उतरली."

"पायाला लागलं होतं पाणी. पुढं?"

"किसमायूहून आलेला एकजण म्हणाला..." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? "म्हणाला, बुडाली. नवऱ्याचं नाव घेत बुडाली बिचारी."

वेलभाभीच्या हातून गूळपापडीचा तुकडा पडला. "आणि लामूला?"

"लामूला ते ऐकून लधाभाईंनी डोकं भादरलं. समुद्रावर जाऊन तुम्हाला पाणी दिलं. मोठ्यानं रडले म्हणतात. सगळ्यांदेखत तुमचं नाव घेऊन रडले."

"माझं नाव घेऊन?"

"हो."

"काय म्हणाले?"

"वेल. माझी वेल, म्हणाले."

तिनं पदर तोंडावर ओढला. खांदे हलायला लागले. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर आतून हसण्याचा आवाज. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक. पदर काढला तेव्हा तोंड सगळं ओलं होतं.

"पोचलं," ती म्हणाली. "मी त्यांचीच होते हे पोचलं, मोंघी."

"पोचलं, भाभी," हे म्हणाले, "पण तुम्ही मेलात."

"मग आता सांगा, मेली नाही."

"कोण ऐकेल? सगळ्या किनाऱ्यानं तुमच्यासाठी अश्रू गाळलेत. मी म्हटलं, परवाच पाहिली तिला, तर म्हणतील भूत पाहिलं."

"म्हणू देत भूत! भूत बघायला तरी माणूस येतो. हेच न्या तुम्ही. मांडवीत वेलबाईचं भूत झालंय, रोज ओसरीत बसून वाती वळतं. आता खोटं कोण बोलतंय? भूत तर तेच म्हणतायत ना!"

आणि ते गेलं. असं गेलं की पुढच्या वर्षी मस्कतचे खलाशी आमच्या गल्लीत येऊन तिच्या दारातून डोकावून जायला लागले. ती त्यांना ताक पाजायची आणि म्हणायची, "नीट बघून घ्या रे, तिकडं सांगायचंय."

आमच्या ह्यांचं मात्र भाभी बुडाल्याची खबर आणल्यापासून बिनसलं. जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं, शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, असं ठरवून बसले. गल्ली वैतागली. पूर्वी ह्यांच्याभोवती ओटा भरायचा, आता ह्यांचं बोलणं सुरू होण्याआधीच संपतं. मीही एकदा म्हटलं, "असं वाण्याच्या तराजूसारखं काय बोलता?" तर म्हणाले, "तूच हिसकावलीस ना कपबशी."

परवा गलबतं आली. वेलभाभी आली, थाळी ठेवली. आता तिला पायऱ्या चढताना गुडघे धरावे लागतात. नजरही कमी झाली आहे, वाती बोटांच्या अंदाजानं वळते.

"चहा कुठं कुठं झाला?"

"सलालाला. लामूचा एक खलाशी भेटला. म्हणाला, तिथं एक म्हातारा रोज धक्क्यावर येतो. मांडवीकडचं कुणी भेटलं की विचारतो."

"काय विचारतो?"

"त्या बाईला कुणी दिवसाउजेडी पाहिलंय का?"

वेलभाभीचा हात आपोआप कपाळाकडं गेला, कुंकू चाचपून खाली आला. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जाऊन सांग त्याला, दामजीनं पाहिलंय. भर दुपारी पाहिलंय, सावलीसकट. तो म्हणाला सांगतो. मग त्याचं गलबत सुटलं."

"मग?"

"मग काही नाही, भाभी. एवढंच."

"म्हातारा कसा दिसतो? कुठल्या पायानं लंगडतो?"

"विचारायचं राहिलं."

"येतो म्हणाला का?"

"मला माहीत नाही, भाभी. जे माहीत नाही ते नाही सांगणार. आता नाही."

समुद्राकडून वारा येत होता, समोर तिच्या ओसरीतला झोपाळा जरासा हलत होता. तिनं गूळपापडीची थाळी हळूच ह्यांच्याकडं सरकवली.

"असं काय करता, दामजीभाई," ती म्हणाली. "थोडं तिखटमीठ लावून सांगा ना."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. म्हटलं, "सांगा हो. सांगा."

ह्यांनी गूळपापडीचा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि पूर्वीसारखे थांबले. वेलभाभी पुढं सरकून बसली.

"तर काय झालं, भाभी," हे म्हणाले, "म्हातारा धक्क्यावर उभा होता. हातात पिशवी होती."

"कसली पिशवी?"

"कपड्यांची."